गोधडी : एक विस्मृत गृहकला

मॉरिशस बेटावर १८३४ पासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत साडेचार लाखांहून अधिक हिंदी मजूर करारावर आणले गेले. सरकारने त्या प्रत्येकाची नोंद मोठ्या काटेकोरपणाने ठेवली. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज, उंची, अंगावरील खूण, असे सारे तपशील त्या वह्यांत आहेत; १८६० च्या दशकापासून तर छायाचित्रेही काढून ठेवलेली आहेत. ही दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपली गेली असून, आपल्या पणजोबांचे मूळ गाव शोधू पाहणाऱ्या कित्येकांना तेथे त्याचा पत्ता लागला आहे. परंतु इतक्या तपशिलांत एक रकाना मात्र नाही. आलेल्या माणसाच्या हातात कोणती विद्या होती, त्याच्या बोचक्यात काय होते, हे कोणी विचारले नाही. मळेवाल्याला ऊस तोडणारे हात हवे होते, आणि त्या हातांना आणखी काय येते याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

बायकांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. पुरुषाविषयी निदान करारपत्रे, पगारपत्रके, खटल्यांचे कागद असे काही सापडते. स्त्रीने आयुष्यभर जे केले, त्यातले बहुतेक खाल्ले गेले, नेसले गेले, पांघरले गेले आणि संपले. अशा संपलेल्या वस्तूंतली सर्वांत मोलाची एक म्हणजे गोधडी.

गोधडी, वाकळ, लेपडे, दुपटे अशी हिची नावे प्रांताप्रांतांत आणि आकाराप्रमाणे बदलतात. देशावर वाकळ हा शब्द अधिक चालतो. तान्ह्या मुलासाठी केलेली लहान गोधडी ती दुपटे. घोंगडीशी मात्र तिची गफलत करू नये. घोंगडी लोकरीची, धनगराने कातून विणलेली, बाजारातून विकत आणायची. गोधडी घरच्या जुन्या सुती कपड्यांची, घरच्याच बायकांनी हाताने शिवलेली. घोंगडीला दाम मोजावा लागे. गोधडीला सुई, दोरा आणि सवड यांवाचून काही लागत नसे, आणि यांतली सवडच दुर्मीळ होती.

हिचे मूळ शोधू गेल्यास फार मागे जावे लागते. संस्कृतात ठिगळांच्या वस्त्राला कंथा म्हणतात, आणि ती कंथा बहुधा संन्याशाच्या किंवा भिक्षेकऱ्याच्या खांद्यावर दिसते. बौद्धांच्या विनयग्रंथात अशी कथा आहे की, मगध देशातील बांध घातलेली शेते पाहून बुद्धाने आनंदाला भिक्षूंची चीवरे त्या शेतांच्या नमुन्यावर तुकडे जोडून करावयास सांगितले. टाकाऊ कापडाचे तुकडे जोडून नवे वस्त्र करणे ही गोष्ट अशा रीतीने एकाच वेळी दारिद्र्याची आणि वैराग्याची खूण ठरली. महाराष्ट्रात हा धागा अगदी अलीकडेपर्यंत तुटलेला नव्हता. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले आणि १९५६ मध्ये दिवंगत झालेले गाडगे महाराज चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर घालीत. त्यावरून लोक त्यांना गोधडे महाराज असेही म्हणत. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या त्या पुरुषाने गोधडी पांघरली ती प्रदर्शनासाठी नव्हे. ज्यांच्यासाठी तो झिजला त्यांच्या घरात दुसरे वस्त्र नव्हते.

कापडाने याहूनही वेगळे काम केल्याचे एक उदाहरण मराठी वाङ्मयात आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंबेजोगाईस होऊन गेलेले दासोपंत यांनी आपला पंचीकरणावरील ग्रंथ कागदावर न लिहिता एका लांबलचक पासोडीवर लिहिला, आणि ती पासोडी अंबेजोगाईत पुढील पिढ्यांनी जपून ठेवली. पासोडी म्हणजे पांघरण्याचे जाड वस्त्र. विद्वानाने पांघरुणावर लिहिले म्हणून ते शतकानुशतके जपले गेले. बायकांनी सुईने जे लिहिले ते कोणी वाचले नाही. हे म्हणणे कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. त्याने एक गोधडी प्रत्यक्ष शिवली जाताना पाहावी.

नऊवारी लुगडे विरले की टाकून दिले जात नसे. त्याचे सव्वादोन वारांचे चार तुकडे होतात. दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून जोडले की माणसाच्या उंचीस पुरेल असा एक थर झाला. उरलेल्या दोघांचा दुसरा थर. म्हणजे एका लुगड्यात गोधडीची खालची आणि वरची बाजू निघते, आणि मधल्या पोटात धोतरे, सदरे, फाटक्या चोळ्या, मुलांची आखूड झालेली अंगरखी असे जे जे मऊ व सुती असेल ते सपाट पसरून घातले जाते. सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर अस्तर अंथरून त्याच्या चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, सुरकुती राहू नये म्हणून तळहाताने मधून कडेकडे कापड सारायचे, मग लांब टाक्यांनी सारे थर तात्पुरते टाचून घ्यायचे. कडा आत दुमडून घेतल्या की खरे काम सुरू होते. धावदोऱ्याची एकेक ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. दोन ओळींत बोटभर अंतर असते. काही बायका सरळ समांतर ओळी घालीत, काही कडेपासून आरंभ करून चौकोनात चौकोन घालीत मध्यापर्यंत येत. चौघीजणी चार बाजूंना बसल्या तर काम लवकर उरके, आणि गावची सारी बातमीही त्याच सुईबरोबर आतबाहेर होई.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद गोधडीत दोन दोन सेंटिमीटरांवर ओळ घातली, तर शंभर ओळी होतात, म्हणजे दोनशे मीटर शिवण. एका सेंटिमीटरला एक टाका धरला, तरी वीस हजार टाके भरतात. दळण, पाणी, शेण, स्वयंपाक आणि शेतातले काम आटोपून उरलेल्या वेळात घातलेले हे वीस हजार टाके आहेत.

कोकणात आणि घाटावर हे काम बहुधा उन्हाळ्यात, पावसाच्या आधी चाले, कारण तेव्हा शेतकाम थोडे असते आणि ऊनही भरपूर मिळते. पुढे आगोट आली की कुळथाच्या पिशव्यांपासून अंथरुणांपर्यंत सगळे घरात घ्यावे लागे. वरचे थर निवडताना मात्र बाई केवळ काटकसर पाहत नसे. लुगड्याचा काठ कडेला यावा, खणाचे त्रिकोणी तुकडे मध्ये चौफुलीसारखे बसावेत, हिरव्यापाशी तांबडे यावे, याचा विचार झालेला दिसतो. चित्रकला ज्या घरात कधी शिरली नाही त्या घरात रंगसंगती होती. शिवणकामाला कला म्हणावे की नाही, हा वाद विद्वानांनी खुशाल करावा. गोधडी करणाऱ्या बाईने त्याची वाट पाहिलेली नाही. अलीकडे गीता खंडेलवाल यांच्यासारख्या जाणकार स्त्रीने महाराष्ट्राच्या गावोगावच्या गोधड्या पाहून त्यांवर ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा कोठे या कलेला छापील पानाचा मान मिळाला.

बाळंतिणीच्या घरी हिचे महत्त्व आणखी. आजीच्या विरलेल्या लुगड्यासारखे मऊ कापड दुसरे नसते. धुऊन धुऊन त्याची सगळी खळ गेलेली असते. म्हणून बाळाचे पहिले दुपटे त्याचेच, कुंची त्याचीच आणि बाळोतीही त्याचीच. उरलेल्या पट्ट्या पिळून डोक्यावरच्या हंड्याखालची चुंबळ होई, तुकड्यातुकड्यांची पिशवी नाहीतर बटवा होई. कापडाचा शेवटचा धागा संपेपर्यंत त्याला सुट्टी नव्हती.

अशा घरांतून रत्नागिरी, सातारा, सावंतवाडी, कोल्हापूर या भागांतली माणसे मुंबई बंदरावर आली आणि जहाजात चढली. कलकत्ता आणि मद्रास येथून गेलेल्यांच्या मानाने मुंबईहून गेलेल्यांची संख्या थोडी; म्हणूनच मॉरिशसमध्ये मराठी समाज आजही लहान आहे. सुरुवातीच्या वर्षांत जहाजांवर स्त्रियाही थोड्याच होत्या; पुढे त्यांचे प्रमाण ठरवून देणारे नियम करावे लागले. महिना पाच रुपये मजुरी, शिधा आणि वर्षाकाठी काही कपडे व कांबळी, असा आरंभीच्या करारांचा साधारण मसुदा होता. कागदावर हे ठीक दिसते. पण एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत या मळ्यांवर होती, आणि आजारी माणसाच्या हातात महिनाअखेर काय पडत असेल याचा हिशेब कोणीही करावा. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे म्हणतात. येथे अंथरूणच दुसऱ्याच्या मर्जीने लांब-आखूड होत होते.

आणि अंथरुणाची गरज तर होती. या बेटाचा किनारा उष्ण; परंतु मध्यावरचे पठार उंच आहे. क्युरपीप समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे फुटांवर वसले असून, व्हाक्वा आणि हेन्रियेटा हे भागही त्याच पठारावर येतात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत तेथे बारीक पाऊस आणि बोचरा वारा असतो. कोकणातून आलेल्या माणसाच्या दृष्टीने तर ऋतूच उलटे झाले. त्याचा आषाढ म्हणजे उबदार मुसळधार पाऊस. येथला आषाढ थंडीचा आणि तोच ऊसतोडणीच्या हंगामाचा आरंभ. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या झोपड्यांत त्या थंडीला तोंड देण्यासाठी जुने कापड एकावर एक घालून शिवावे, हा उपाय गावाकडून आलेल्या बाईला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. अडचण कापडाचीच होती. गावाकडे घरात चार बायकांची लुगडी विरत. येथे वर्षाला मोजके कपडे मिळत आणि तेही उसाच्या पात्यांनी फाटत.

ती उणीव गोणपाटाने भरून काढली. क्रेओल भाषेत गोणपाटाच्या पोत्याला आजही गोनी म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द भाषांतर करून सांगावा लागत नाही. आपल्याच गोणीचे ते नाव जहाजातून आले आणि सर्वांचे झाले. साखरेच्या पोत्यांसाठी या बेटावर घायपातीसारख्या वनस्पतीच्या तंतूंचे गोणपाट विणले जाई. रिकामी गोनी डोक्यावरून घेतली की पावसातले इरले झाले, कमरेला गुंडाळली की उसाच्या पात्यांपासून संरक्षण झाले, आणि जमिनीवर पसरली की बिछाना झाला. मऊ कापडाच्या पोटी असे राकट अस्तर घालायचे म्हणजे बारीक सुई भागत नाही, तेथे पोती शिवण्याचा दाभणच हवा.

या बेटावर गोणपाटाच्या तळावर रंगीत चिंध्या जोडून केलेल्या एका चटईचे नाव तापी मांदियाँ असे आहे. शेजारच्या रेयुनियों बेटावरही ती प्रसिद्ध असून, तेथे कापडाचे षट्कोनी तुकडे जोडून केलेल्या पांघरुणालाही हेच नाव आहे. फ्रेंच भाषेतील या नावाचा अर्थ भिकाऱ्याचा गालिचा. कंथा ही भिक्षेकऱ्याची, आणि हा गालिचाही भिकाऱ्याचा! दोन भाषांनी, दोन टोकांच्या समाजांनी, एकमेकांशी मसलत न करता एकच नाव द्यावे, यात नवल वाटण्यासारखे थोडे आहे. चिंध्या ज्यांच्याकडे असतात ते लोक सगळीकडे एकाच वर्गातले असतात. ही चटई कोणाची, फ्रेंच घरांत शिवण शिकलेल्या गुलाम स्त्रियांची की हिंदी मजुरणींची, असा वाद घालण्यात हशील नाही. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, आणि ज्या छावण्यांतून मुक्त झालेले लोक बाहेर पडले त्याच छावण्यांत हिंदी मजूर राहावयास आले. सुईला त्या भिंतींचे सोयरसुतक नव्हते. बिहारातून आलेल्या भोजपुरी बायकांनी तर सुजनी बरोबर आणलेली होती. तीही जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून, विशेषतः नवजात बालकासाठी, केली जाते. २००६ मध्ये बिहारच्या सुजनीला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. मराठी गोधडी आणि भोजपुरी सुजनी या मळ्यावरच्या एकाच रांगेत वाळत पडल्या असतील, तर कोणती कोणाची हे लांबून सांगणे कठीण.

याच प्रवासाचे उलटे चित्र हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर पाहावयास मिळते. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले गुलाम पळून घाटावरच्या जंगलांत गेले. त्यांचे वंशज सिद्दी आज उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहतात आणि घरात कोकणी-मराठीशी जवळचे नाते असलेली भाषा बोलतात. त्यांच्या स्त्रिया कवंडी नावाची गोधडी करतात. ती एका कोपऱ्यापासून सुरू होते, कडेकडेने फिरत फिरत आत येते आणि मध्यावर संपते. चारी कोपऱ्यांवर कापडाचे दुमडलेले तुकडे बसवितात, त्यांना फुले म्हणतात. त्यांवाचून कवंडी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आलेल्यांनी कोकणच्या वेशीवर गोधडी आपली केली, आणि कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांनी आफ्रिकेच्या वेशीवर ती नेली. हिंदी महासागराच्या नकाशात जहाजांचे मार्ग दाखवितात. हा मार्गही त्यात कोणी दाखवावयास हरकत नाही.

गोधडी येथे टिकून राहिली नाही याची कारणे काही निसर्गाने दिली, काही सुबत्तेने. १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाच्या साथीने या बेटावर हजारो माणसे नेली. साथीच्या दिवसांत आजाऱ्याच्या कपड्यांचे काय होते हे सांगावयास नको. १८९२ च्या एप्रिलमधील वादळाने पोर्ट लुई उद्ध्वस्त केले. पुढे १९६० मध्ये जानेवारीत आलिक्स आणि फेब्रुवारीत कॅरोल अशी दोन वादळे लागोपाठ आली. कॅरोलने गवती आणि पत्र्याची हजारो घरे जमीनदोस्त केली. आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे लावावे, हा प्रश्न त्या रात्री शब्दशः उभा राहिला होता. त्यानंतर सिमेंटची घरे बांधली गेली. सिमेंटच्या घरात खाट आली, खाटेवर गादी आली, आणि गोधडी प्रथम खाटेखाली व मग घराबाहेर गेली.

यानंतरची घटना विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा झाला आणि मॉरिशसमध्ये कपड्यांचे कारखाने निघाले. ज्यांच्या आज्या हाताने टाके घालीत त्या मुली हजारोंनी यंत्रावर बसल्या. परदेशच्या दुकानांसाठी सदरे, विजारी, विणलेले लोकरी कपडे त्यांनी शिवले. ऊस-मळ्यावाचून दुसरी मिळकत ज्यांना ठाऊक नव्हती अशा घरांत प्रथमच बाईचा स्वतंत्र पगार आला. त्यातून घरे उभी राहिली, मुले शिकली. या यशाचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि दिवसभर एकच बाही किंवा एकच खिसा शिवणाऱ्या स्त्रीला संध्याकाळी पुन्हा सुई हातात धरावीशी वाटत नसे, हेही तितकेच स्वाभाविक होते. २००४ च्या अखेरीस कापड-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कोटा-पद्धती संपली, त्याच्या आगेमागे अनेक कारखाने बंद पडले आणि कित्येक बायका घरी आल्या. शिवण येते, पण शिवण्याचे काम नाही, अशी ही पिढी. तिच्यातल्या काहीजणी आज पुन्हा तुकडे जोडू लागल्या आहेत: उशांच्या खोळी, पिशव्या, भिंतीवर लावण्याचे पडदे, नातवंडांची दुपटी. पर्यटकांच्या बाजारात तापी मांदियाँला गिऱ्हाईक मिळते. गोधडीला अजून तेथे नाव मिळालेले नाही.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी एवढे सांगावयास हवे की, आरंभ दुपट्यापासून करावा. मोठ्या गोधडीपासून केला तर ती अर्धवट राहते. कापड सुतीच घ्यावे आणि आधी धुऊन वाळवावे, कारण नवे कापड नंतर आटते व शिवण गोळा होते. रेशमी आणि कृत्रिम धाग्याचे कापड सुतात मिसळू नये. एक झिजते, दुसरे झिजत नाही, आणि शेवटी दोन्ही फाटतात. तीन-चार थर पुरतात. ओळ वाकडी गेली तर उसवू नये. जुन्या गोधड्यांत सरळ ओळ शोधूनच काढावी लागते.

कोणाच्या घरी जुनी गोधडी अद्याप शिल्लक असेल, तर तिच्यासंबंधी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गोधडी फाटली की तिला टाकीत नसत; तिच्यावर नवे थर चढवून तिलाच नव्या गोधडीचे पोट करीत. त्यामुळे एखादी जड, बेढब दिसणारी वाकळ कडेने किंचित उसवली तर आत दुसरा काठ दिसतो, आणि त्याच्याही आत कधीकधी तिसरा. वरचा थर आईच्या साडीचा असेल, तर खालचा आजीच्या लुगड्याचा असणे शक्य आहे. अशी गोधडी यंत्रात धुऊ नये; सावलीच्या वाऱ्यावर पसरावी, आणि कोणाचे कोणते वस्त्र तिच्यात गेले हे ज्या वृद्ध स्त्रीला आठवत असेल तिला विचारून, एका कापडाच्या तुकड्यावर लिहून, तो तुकडा कोपऱ्याशी चार टाक्यांनी शिवून ठेवावा.